कीटक गोळा करायला आंबोलीला जायचंय – अनुभवी लोकांनी मदत करा

सायलीचीआई
नमस्कार मंडळी, विषय जरा विचित्र आहे, हसू नका. लेक बीएस्सी अ‍ॅग्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि तिला प्रॅक्टिकलसाठी किड्यांची पेटी करून द्यायचीय. सरांनी सांगितलंय किमान ५० किडे, निदान ८ वेगवेगळ्या गणांतले (म्हणजे कीटकांच्या मोठ्या गटांतले), पिनवर नीट लावलेले, खाली चिठ्ठ्या. दिवाळीची सुट्टी संपली की सबमिशन. आत्तापर्यंतची जमा म्हणजे दोन झुरळं, ट्यूबलाइटखाली आपणहून मरून पडलेला एक भुंगा आणि एक फुलपाखरू, त्याचाही एक पंख मांजराने खाल्लाय.
माझं माहेर आजऱ्याचं. तर दिवाळीत चार दिवस तिकडे जायचं आणि तिथून आंबोलीला एक-दोन चकरा मारायच्या असं चाललंय, तासाभराचाच रस्ता आहे. तिथे किडे नक्की कुठे सापडतील, सोबत काय काय न्यायचं, आणि खरं सांगायचं तर मुख्य प्रश्न असा की त्यांना मारायचं कसं? लेक झुरळ दिसलं की पलंगावर चढणारी आणि मी एकादशी धरणारी बाई. कुणी केलंय का हे?

बिनकामाचा_बंड्या
५० किडे? आमच्या हॉस्टेलच्या मेसची डाळ आठवडाभर गाळा, पेटी भरेल. गण मात्र दोनच निघतील.

माजी_कृषीकन्या
ताई, खरं सांगू? आमच्या वेळी निम्मा वर्ग सीनियरकडून पेटी विकत घ्यायचा. मीही घेतली होती. फक्त चिठ्ठ्या बदलायच्या. माझ्या पेटीतला नाकतोडा तिसऱ्यांदा परीक्षेला बसला होता, त्याचा एक पाय फेव्हिकॉलने चिकटवलेला. सरांनी पेटी उघडली, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हा अजून पास नाही झाला का?" १० पैकी ४ मिळाले. तेव्हा तो रस्ता नको.

भुंगेरा
हा धागा माझ्यासाठीच निघालाय 🙂 बरीच वर्षं हाच विषय शिकवला, तेव्हा जरा लांबेल, सांभाळून घ्या.
आधी जाळं. विकतचं घेऊ नका. बादलीच्या कडीसारखी जाड तार गोल वाकवायची, हलका बांबू, आणि मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी. पिशवी तोंडाच्या रुंदीच्या दुप्पट तरी खोल पाहिजे, म्हणजे किडा आत आला की मनगट फिरवून पिशवी कडीवर दुमडता येते. उथळ पिशवीतून फुलपाखरू तुमच्याकडे बघत बघत बाहेर जातं.
पण निम्मे किडे जाळ्याने मिळतच नाहीत. जुनी छत्री उघडून झुडपाखाली उलटी धरा आणि फांदीला काठीने दोन दणके द्या, ढेकणाच्या जातीतले किडे, छोटे भुंगेरे, सुरवंट, सगळे छत्रीत. प्लास्टिकचा ग्लास जमिनीत काठोकाठ पुरा, सकाळी त्यात जमिनीवर पळणारे भुंगेरे. तळ्यात पिठाची चाळण फिरवा (घरातली नेऊ नका, नंतर भांडण होतं). ताज्या शेणाचा पो काडीने उलटा, शेणकिडे. सडकं केळं आणि गूळ कालवून संध्याकाळी झाडाच्या बुंध्याला फासा, त्यात थोडी बिअर घातली तर पतंग जास्त येतात, एकादशीचं तुम्ही बघा.
आणि रात्री दिवा. पांढरी चादर बांधायची, समोर १६० वॅटचा मर्क्युरी बल्ब. साध्या एलईडीवर फारसं काही येत नाही, त्यात अतिनील प्रकाश जवळजवळ नसतो. मर्क्युरी बल्बकडे टक लावून बघायचं नाही, आणि तो तापलेला असताना पावसाचा थेंब पडला तर काच फुटते, त्यामुळे वर काहीतरी आडोसा करा. अंधारी रात्र सगळ्यात चांगली. तुम्ही दिवाळीत जाताय म्हणजे लक्ष्मीपूजनाची अमावस्याच मिळतेय.
मारायचं पुढच्या पोस्टमध्ये सांगतो, नातवाला आणायला जायचंय.

शांतिप्रिय
मारायचंच कशाला पण? मोबाइलमध्ये सुंदर फोटो येतात. ५० जिवांचा बळी घेऊन १० मार्क. कॉलेजला सांगा फोटोचा अल्बम चालवा म्हणून.

बिनकामाचा_बंड्या
भुंगेरा सर ब्रेकवर गेलेत तेवढ्यात हिंसा-अहिंसा सुरू. चहा आणि चिवडा घेऊन बसलोय.

ऊसकरी
शांतिप्रिय भाऊ तुम्ही एकदा माझ्या उसात या. हुमणी ऐकलीय का? जमिनीत पांढरी अळी असते ती मुळ्या खाते, वरून ऊस पिवळा पडतो, धरून ओढला की गाजरासारखा हातात येतो. तिचे भुंगेरे वळवाचा पहिला मोठा पाऊस झाला की अंधार पडताना जमिनीतून वर येतात आणि कडुनिंबावर, बाभळीवर बसतात पाला खायला. आम्ही सगळी गल्ली काठ्या घेऊन जातो, फांद्या हलवतो, खाली ताडपत्री, आणि गोळा केलेले रॉकेल घातलेल्या पाण्याच्या बादलीत. एका रात्रीत घमेली भरतात. एकट्याने करून उपयोग नाही, शेजाऱ्याने नाही केलं तर त्याचे भुंगेरे तुमच्या रानात अंडी घालतात, म्हणून सगळ्या गावाने करायचं. तुमच्या लेकीच्या ५० किड्यांनी काय पाप लागायचंय ताई. वळवाला आला असता तर पोतं भरून दिलं असतं, आता दिवाळीत ते जमिनीत अळी होऊन माझा ऊस खातायत.

शांतिप्रिय
शेतीचं संरक्षण वेगळं आणि पेटीत टोचून ठेवणं वेगळं. तुलना चुकीची आहे.

घाटवाट
मारण्याच्या आधी कायद्याचं बोलूया का? आंबोलीच्या आजूबाजूचं बरंचसं जंगल राखीव आहे. तिथे जाळं घेऊन फिरायचं तर वनखात्याची परवानगी लागते. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात तर मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय मुंगीसुद्धा उचलायची नाही. म्हणजे दाजीपूर-राधानगरी, चांदोली, कोयना हे सगळं बाद. शिवाय काही फुलपाखरं आणि भुंगेरे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत आहेत, ती कुठेही पकडली तरी गुन्हाच, मग ते तुमचं स्वतःचं परसदार का असेना. कायद्यात २०२२ ला दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून नव्या याद्या लागू आहेत, त्यामुळे सीनियरकडची जुनी यादी घेऊन जाऊ नका.
आणि "किड्यांना कोण विचारतंय" असं म्हणणाऱ्यांसाठी: २००८ मध्ये दार्जिलिंगजवळ सिंगालीला राष्ट्रीय उद्यानात दोन झेक माणसांना विनापरवाना किडे गोळा केले म्हणून अटक झाली होती. कोर्टाने दोषी ठरवलं, एकाला दंड आणि एकाला ३ वर्षांची शिक्षा. त्यातला एक तर नावाजलेला कीटकतज्ज्ञ होता.

सायलीचीआई
बापरे. मी तर भाचरांना सुद्धा जाळी देऊन कामाला लावणार होते.

सह्याद्रीचा_पाहुणा
घाटवाट यांना +१. पण एक किस्सा सांगतो. १९९६ ला आम्ही चौघं मित्र जुन्नरच्या पुढे घाटाच्या तोंडाशी एका गावात गेलो होतो पतंगांसाठी. सरपंचांना विचारून शाळेच्या मैदानात चादर बांधली, जनरेटर लावला, बल्ब पेटवला. साडेआठला बघतो तर समोर तीस-चाळीस माणसं घोंगड्या टाकून बसलेली, बायका पोरांना मांडीवर घेऊन. आम्हाला वाटलं वा, केवढं कुतूहल. मग एक आजोबा उठून जवळ आले आणि म्हणाले, "पिच्चर कधी लावताय?" त्या रात्री एकही पतंग नीट बघता आला नाही, पण कुणी घरी जायलाही तयार नाही. शेवटी आमच्यातल्या एकाने चादरीसमोर हाताच्या सावलीचे ससे-कुत्रे करून दाखवले तेव्हा सुटलो.

बिनकामाचा_बंड्या
हसून हसून पुरेवाट. मध्यंतरात भजी ठेवली असतीत तर खर्च निघाला असता.

भुंगेरा
आलो. घाटवाट यांनी बरं केलं, ते आधीच सांगायला हवं होतं.
सायनाइडची बाटली जुन्या पुस्तकांत दिसेल, तिच्या वाटेला जाऊ नका. हॉर्लिक्सच्या बाटलीत तळाला बोटभर प्लास्टर ऑफ पॅरिस ओतून पूर्ण वाळवायचं, त्यावर इथाइल अ‍ॅसिटेट मुरवायचं, झाकण घट्ट. किडा मिनिटाभरात शांत होतो, पण लगेच बाहेर काढू नका, भुंगेऱ्यांना तर बराच वेळ ठेवावं लागतं. तेही नको असेल तर सोपा मार्ग फ्रीजर, दोन रात्री. फुलपाखरू बाटलीत टाकलं तर फडफडून खवले झडतात, त्याला कागदाच्या तिकोनी पुडीत घालून मग फ्रीजरमध्ये.
पिन कुठेही टोचायची नाही, इथे मार्क जातात. भुंगेऱ्याला उजव्या कडक पंखातून, वरच्या बाजूला. फुलपाखराला छातीच्या मधोमध. नाकतोड्याला मानेमागच्या ढालीत मधल्या रेषेच्या जरा उजवीकडे. मधली रेषा राखायची कारण ओळख पटवायच्या खुणा तिथेच असतात, आणि एक बाजू बिघडली तरी दुसरी शाबूत राहते. बारक्यांना पिन लावूच नका, कार्डाचा छोटा त्रिकोण कापून त्याच्या टोकाला डिंकाने चिकटवा. वाळवी, मावा, अळ्या ७० टक्के अल्कोहोलमध्ये. कोपऱ्यात डांबराची गोळी, नाहीतर तुमच्या संग्रहावर दुसरे किडे जगतील.
चिठ्ठीवर गाव, तारीख, कुणी पकडला आणि कशावर सापडला. चिठ्ठी नसलेला किडा म्हणजे कचरा. नाव नंतर शोधता येतं, गाव नंतर आठवत नाही.
शांतिप्रिय, तुमच्या म्हणण्यावर: बऱ्याच कीटकांची जात फोटोवरून ओळखताच येत नाही, भिंगाखाली शरीराचे अवयव बघावे लागतात. नवी जात जाहीर करायची तर मूळ नमुना जपून ठेवावा लागतो, शंभर वर्षांनी कुणाला शंका आली तर उघडून बघता यावा म्हणून. मुंबईत बीएनएचएसकडे (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) असे जुने नमुने आहेत, त्यांच्याशिवाय आज कुठे काय होतं ते कळलंच नसतं. पण, आणि हे मी नोकरीत असताना मीटिंगमध्येही बोललोय, विद्यार्थ्यांच्या पेट्या कुठे जातात? आमच्याकडे दर मे महिन्यात त्या मागच्या उकिरड्यावर जायच्या. पोरांनी चार महिने राबून केलेल्या. तिथे तुमचं बरोबर आहे. २० चांगले नमुने, नीट चिठ्ठ्यांसकट, आणि बाकीचे फोटो, असं केलं तर पोरं शिकतील जास्त. माझं कुणी ऐकलं नाही ते सोडा.

शांतिप्रिय
हे पटलं. निदान उकिरड्याचं तरी कुणी कबूल केलं.

रेवती_डेन्व्हर
इकडे अमेरिकेत फोर-एच क्लबमध्ये (मुलांची एक संघटना) शाळेतली मुलं कीटकांच्या पेट्या करून जत्रेत मांडतात, वर बक्षीस. माझ्या लेकाला फ्रीजरची युक्ती मीच सांगितली होती. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात भुंगेरे ठेवले. दुसऱ्याच दिवशी सासरे (नुकतेच पुण्याहून आलेले, जेट लॅग, पहाटे तीनला भूक) त्यांनी डबा काढून ओट्यावर ठेवला आणि पुऱ्या शोधत बसले. तोवर डबा गरम झाला. झाकण उघडलं तर दोन भुंगेरे चालत बाहेर. त्यामुळे सर दोन रात्री म्हणतायत ते खरंच पाळा, आणि डब्यावर लिहा.

माजी_कृषीकन्या
मृगाचा किडा कुणी पेटीत घालू नका रे! लाल मखमली असतो तो, पहिल्या पावसात शेतात दिसतो. मी घातला होता, मधोमध, शोभेसाठी. पाय मोजले तर ८. तो किडा नाहीच, कोळी-गोचिडाच्या नात्यातला. तसंच गोम आणि वाणी. ६ पाय असतील तरच पेटीत.

बिनकामाचा_बंड्या
म्हणजे आमच्याकडे ज्याला अख्खा गाव किडा म्हणतो तोच किडा नाही. आणि खंडोबाचा घोडा घोडा नाही. ठीक आहे.

ऊसकरी
जळू पण किडा नाही बरं का ताई, आंबोलीत भेटेलच. चुना नाहीतर मीठ जवळ ठेवा. आणि आग्यामोहोळ दिसलं तर अत्तर-बित्तर लावून खाली उभं राहू नका, गण कुठला ते विचारायला वेळ मिळत नाही.

सायलीचीआई
सगळ्यांचे आभार. सगळं लिहून घेतलंय. नवरा म्हणतोय फ्रीजरमध्ये किडे ठेवलेस तर मी दिवाळीला माझ्या आईकडे जातो. बघू. आल्यावर वृत्तांत लिहीन.

घाटवाट
लिहाच. इथे "आल्यावर लिहितो" म्हणून गेलेले कैक जण अजून घाटातच आहेत.

सायलीचीआई
आले! घाटात राहिले नाही. दोन आठवडे उशीर झालाय पण सबमिशन झाल्याशिवाय लेकीने लॅपटॉप दिला नाही.
आंबोलीला गेलो पहिल्याच दिवशी, मी, लेक, भाऊ आणि दोन भाचरं. धुकं एवढं की जाळ्याच्या टोकाला काय आहे ते दिसेना. रस्त्याकडेला उभे होतो तर एक वनरक्षक आले, शांतपणे विचारलं परवानगी आहे का, नाही म्हटल्यावर म्हणाले मग जाळं गाडीतच राहू दे, डोळ्यांनी बघा हवं तेवढं. चांगला माणूस, अर्धा तास थांबून त्यांनीच पानामागे लपलेली फुलपाखरं दाखवली. मग भजी खाल्ली, चहा प्यायलो, जळवा काढल्या आणि परत. आंबोलीतला आमचा एकूण संग्रह म्हणजे हॉटेलचं बिल.
घरी आल्यावर आई म्हणाली, शेणकिडे बघायला पेट्रोल जाळून घाटात कशाला गेलात, गोठ्यात बघा की. आणि खरंच गोठा, परसातला खताचा खड्डा, भाताची कापणी चाललेलं आमचंच रान, ओढ्याजवळची डबकी, एवढ्यात दोन दिवसांत ४१ झाले. छत्रीची युक्ती तर भाचरांना एवढी आवडली की आता त्या घरात एकही छत्री सरळ उघडत नाही. चाळण नवीन घेतली, तरी भांडण झालंच, कारण आईला ती नवीन आवडली आणि घरातली जुनी आम्हाला मिळाली.
लक्ष्मीपूजनाच्या रात्री दिवा लावायचा होता पण आजूबाजूला फटाके, पणत्या, माळा, काही उपयोग झाला नाही. दुसऱ्या दिवशी रात्री गावाबाहेरच्या रानातल्या खोपटापाशी गेलो. भावाने मंडपवाल्याकडून मर्क्युरी बल्ब आणला होता. चादर रंगीतच सगळ्या, मग आईने ट्रंकेतून बाबांचं धोतर काढून दिलं. बाबांना जाऊन ६ वर्षं झाली. म्हटलं आई नको, तर म्हणाली, त्यांना आवडलं असतं, रोज रात्री दिव्याखालचे किडे उचलून बाहेर सोडायचे ते.
साडेनऊपर्यंत तुडतुडे, बारके पतंग, एक गेंडा भुंगा धपकन येऊन आपटला. लेक पलंगावर चढणारी, ती आता चिमट्याने उचलून पुड्या करत होती. दहाच्या सुमारास एक मोठं काहीतरी फडफडत आलं आणि धोतराच्या मधोमध बसलं. फिकट पोपटी, हाताच्या पंजाएवढं, मागे दोन लांब शेपट्या. कुणी बोललंच नाही. भाच्याने बाटली पुढे केली, लेकीने ती बंद करून पिशवीत टाकली. मी म्हटलं अगं पेटीत मधोमध काय शोभेल, तर म्हणाली आई माझे ५२ झालेत.
सकाळी बल्ब काढायला गेलो तर ते उडून गेलेलं, पण धोतरावर खालच्या काठाजवळ मोहरीएवढी तपकिरी अंडी, २३ मोजली.
पेटीला १० पैकी ८ मिळाले. गांधीलमाशीची पिन डावीकडे गेली म्हणून १, आणि दुसरा का गेला ते सर सांगत नाहीत.
आता प्रश्न. त्या अंड्यांचं काय करायचं? अर्धा काठ कापून आणावा म्हटलं तर आई धोतराला कात्री लावू देईना आणि धुवूही देईना. अख्खं धोतर कोल्हापुरात आमच्या बाल्कनीत आहे.

शांतिप्रिय
ताई, तुमच्या लेकीला माझा नमस्कार सांगा.

भुंगेरा
चंद्रपतंग. मादी होती. त्या मोठ्या पतंगाला तोंडच कामाचं नसतं, तो काही खात नाही, आठवडाभर जगतो तेवढ्यात जोडीदार आणि अंडी एवढंच काम. अंडी फलित असतील तर दहा-बारा दिवसांत फुटतात, तुम्ही दोन आठवडे म्हणताय म्हणजे आत्ता या क्षणी जाऊन बघा. अळ्या मोईचा पाला खातात, काही ठिकाणी त्याला शिमट म्हणतात. कोवळी पानं, रोज ताजी. दुसरा मार्कही पिनमुळेच गेला असणार, सरांचं बरोबर असेल.

सायलीचीआई
बघितलं. ११ फुटलीत. काळपट लाल, केसाळ, धोतरावर चालतायत.
कोल्हापुरात मोईचं झाड कुठे आहे, कुणाला माहीत आहे का? प्लीज लवकर सांगा.

ऊसकरी
आमच्या बांधावर शिमटाची दोन झाडं आहेत. पन्हाळ्याच्या रस्त्याला फाट्यावर उभा राहतो, कधी येताय? येताना त्या अळ्या हुमणीच्या नाहीत ना तेवढं बघून घ्या.